पासपोर्टचा अर्ज नंतर, आधी नाव एक करा

ट्रान्सपोर्टच्या गोदामात कापडाची गाठ येऊन पडलेली असते. माल आपला, पैसे चुकते केलेले, भाडेही भरलेले. पण बिल्टीवर पेढीचे नाव वेगळे पडले की गोदामवाला गाठ हलू देत नाही. मग फोनाफोनी, पत्र, पुन्हा फेरा. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे नवीन नाही. पासपोर्टच्या बाबतीत आपल्याकडे नेमके हेच होते. अर्ज अडला की लोक पोलिसाला, पोस्टाला नाही तर नशिबाला बोल लावतात. आम्ही गेल्या काही वर्षांत भावकीतले, ओळखीतले आणि गिऱ्हाइकांचे जे अर्ज जवळून पाहिले, त्यांतल्या अडलेल्या बहुतेकांचे कारण एकच निघाले. माणूस एक आणि कागदावर नावे तीन.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. तर पासपोर्ट आता भांडवलाचाच भाग झाला आहे. इचलकरंजीचा कारखानदार माग पाहायला चीनला जातो. ग्वांगझूचा कँटन फेअर वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबर महिन्यांत भरतो. तेथे जायचे तर व्हिसा लागतो आणि व्हिशाआधी पासपोर्ट. दुकानात मदत करणारा पुतण्या उद्या दुबईच्या पेढीवर बसू शकतो. मात्र सौदा आधी ठरतो आणि पासपोर्टची आठवण नंतर येते, ही आपली जुनी खोड आहे.

आमचे गाव कराड. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे तालुक्याचे ठिकाण. 1960 साली येथे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, पुढे शेजारच्या मलकापुरात वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आज गावाचा अर्धा बाजार विद्यार्थ्यांच्या खोलीभाड्यावर, मेसवर आणि कपड्यालत्त्यावर चालतो. त्यामुळे आमच्याकडे पासपोर्ट काढणारा माणूस म्हणजे एकीकडे बाहेरगावचा विद्यार्थी आणि दुसरीकडे आखातात जाणारा कारागीर, हजला जाणारे वडीलधारे आणि आमच्यासारखे व्यापारी. अडचणी मात्र सर्वांच्या जवळपास सारख्याच.

पूर्वीची आणि आताची रीत

पूर्वी पासपोर्ट म्हणजे मुंबई-पुण्याचे खेटे, छापील फॉर्म आणि फोटोवर साहेबाची सही. 2010 पासून पासपोर्ट सेवा केंद्रे निघू लागली आणि अर्ज संगणकावर भरला जाऊ लागला. जानेवारी 2017 मध्ये म्हैसूर आणि दाहोद येथील पोस्टात प्रथम अशी केंद्रे उघडली आणि त्याच वर्षी कोल्हापूरच्या पोस्टातही केंद्र सुरू झाले. त्यामुळे सातारा-सांगलीकडच्या माणसाची पुण्याची फेरी पुष्कळ अंशी वाचली. प्रत्येक लोकसभा मतदारसंघात एक केंद्र असावे, असे सरकारचे धोरण आहे. जून 2018 पासून तर आणखी मोठी सवलत मिळाली. आपण देशात कोठेही राहत असलो तरी कोणत्याही पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीतील केंद्रात अर्ज देता येतो. पोर्टलवर ज्या केंद्रात लवकरची तारीख मिळेल ते निवडावे.

फी म्हणाल तर प्रौढांच्या 36 पानी पासपोर्टला 1500 रुपये आणि 60 पानी पासपोर्टला 2000 रुपये. 18 वर्षांखालील मुलांना 36 पानांसाठी 1000. तत्काळ हवा असल्यास वर आणखी 2000. नवीन अर्जात 8 वर्षांखालील मुले आणि 60 वर्षांवरील वडीलधाऱ्यांना दहा टक्के सूट आहे. पैसे भरण्याआधी पोर्टलवरचा आकडा पाहून घ्यावा. वर्षातून तीन-चार वेळा परदेशी माल पाहायला जाणाऱ्याने 60 पानीच घ्यावा, असे आमचे मत आहे. शिक्क्यांनी पाने भरली की मुदत शिल्लक असतानाही नवा पासपोर्ट काढावा लागतो, आणि तेव्हा पाचशे रुपये वाचवल्याचा आनंद राहत नाही.

संकेतस्थळाचा पत्ता मात्र नीट पाहावा. सरकारी पोर्टल पासपोर्ट इंडिया या नावाचे असून त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा होतो. हुबेहूब तसेच दिसणारी खाजगी संकेतस्थळे जादा पैसे उकळतात आणि आपली माहितीही घेतात. गावातला सायबर कॅफेवाला किंवा एजंट फॉर्म भरून देतो, त्यात गैर काही नाही. पण मोबाईल नंबर आणि ईमेल आपलाच द्यावा. आमच्या गल्लीतील एका तरुणाचा अर्ज महिनाभर थांबला होता. कार्यालयाचे सगळे निरोप एजंटाच्या मोबाईलवर जात होते आणि एजंट गावी लग्नाला गेला होता.

नावाचा घोळ कोठून सुरू होतो

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, म्हणून हा भाग जरा खोलात सांगतो. उर्दूत 'ज़' या उच्चाराची चार अक्षरे आहेत. ज़ाकिर ज़ालने, ज़ुबेर ज़ेने, रियाज़ ज़ादने आणि मज़हर ज़ोयने लिहितात. मराठीत आले की चारही 'ज' होतात, नाही तर कोणी 'झ' लिहितो. मराठीतून इंग्रजीत गेले की शाळेच्या कारकुनाने 'जे' लावला, आधार केंद्रावरच्या मुलाने 'झेड' लावला आणि पॅन कार्डाच्या फॉर्मवर आपण स्वतः घाईत तिसरेच काही लिहिले. कुरेशी 'के'ने की 'क्यू'ने, हा वाद तर घराघरात आहे. शेख हे आडनाव आम्ही इंग्रजीत पाच तऱ्हांनी लिहिलेले पाहिले आहे. एकाच बापाच्या दोन मुलांचे दोन स्पेलिंग, हे काही दुर्मीळ नाही. मोहम्मदचे तर विचारूच नका. कोठे पूर्ण, कोठे 'एमडी' ही दोन अक्षरे, कोठे 'एमओएचडी'. संगणकाला हे सगळे एकच नाव आहे हे कळत नाही. खिडकीवरच्या अधिकाऱ्याला कळते, पण त्याला कागद पाहून सही करायची असते.

दुसरा घोळ आडनावाचा. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात बागवान, आतार, शिकलगार, मुलाणी, तांबोळी, मुजावर ही आडनावे धंद्यावरून किंवा कामावरून पडली. आजोबांच्या सातबाऱ्यावर 'शेख', वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'बागवान' आणि जातीच्या दाखल्यासाठी पुन्हा 'बागवान'. रेशन कार्डावर मात्र 'शेख' राहिले, आणि आधार काढताना रेशन कार्ड पुढे केले.

विट्याकडील आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाचे असेच झाले. मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, कतारमध्ये काम ठरलेले. अर्ज भरणाऱ्याने आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक पाहून 'शेख' लिहिले. दोन्ही कागद जुळत होते, पासपोर्ट महिन्याच्या आत घरी आला. पेढे वाटून झाले. पुढे डिप्लोम्याचे प्रमाणपत्र साक्षांकित करून व्हिशासाठी पाठवले, त्यावर 'बागवान'. कंपनीने विचारले, हे दोघे कोण? वडील आम्हाला म्हणाले, "भाई, पासपोर्ट तर आला, आता अजून काय पाहिजे त्यांना?" त्यांना काय उत्तर द्यावे? नाव बदलाचे राजपत्र, आधार दुरुस्ती, पासपोर्टचा दुसरा अर्ज, दुसरी फी, पुन्हा पोलीस पडताळणी, असे सगळे फिरून येईपर्यंत ती जागा दुसऱ्याने भरली. मुलगा हुशार होता, पुढे दुसरीकडे लागला. पण पहिल्या जागेचा पगार जास्त होता.

म्हणून आमचे सांगणे असे की ज्याने दहावी केली आहे त्याने दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावरील नाव हाच पाया धरावा. त्यातले स्पेलिंग कानाला खटकत असले तरी हरकत नाही. पुढच्या पदव्या, नोकरी, व्हिसा, सगळे त्याच नावावर उभे राहते आणि ते कागद बदलणे सर्वांत कठीण असते. त्यामानाने आधार आणि पॅन दुरुस्त करणे सोपे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा तेथेही अंदाजपंचे जाऊ नये. ज्यांची मुले आज नववी-दहावीत आहेत त्यांनी बोर्डाचा फॉर्म भरला जात असताना शाळेत जाऊन नावाचे एकेक अक्षर पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे. आडनावच बदलायचे असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्यावी आणि ती झाल्यावरच पासपोर्टला हात घालावा.

आणखी एक. बोर्ड आपल्याकडे आडनाव आधी लिहिते, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टच्या फॉर्मवर दोनच रकाने असतात, दिलेले नाव आणि आडनाव. दिलेल्या नावाच्या रकान्यात मुलाचे आणि वडिलांचे नाव लिहावे, आडनाव दुसऱ्यात. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नये. आपल्यातील काही वडीलधाऱ्यांचे आणि विशेषतः स्त्रियांचे पासपोर्ट एकाच नावाचे आहेत. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पर्यटक आणि भेटीच्या व्हिशावर येणाऱ्यांसाठी असे एकनावी पासपोर्ट चालणार नाहीत असे कळवले, तेव्हा तिकिटे काढून बसलेल्या पुष्कळांची पंचाईत झाली होती. घरात असा पासपोर्ट असेल तर तो आजच बाहेर काढून पाहावा.

जन्मतारखेचा प्रश्न आमच्या पिढीत वेगळा. आमच्या वयाच्या पुष्कळ मंडळींचा जन्म 1 जूनचा आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. ती खरी असो वा नसो, आता तीच आपली. नगरपालिकेत शोधून दुसरी तारीख काढण्याच्या फंदात पडू नये; दोन तारखा झाल्या की दोन्ही संशयात येतात. जन्माच्या दाखल्याची सक्ती 2016 च्या अखेरीस उठली. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पॅन, आधार यांपैकी काहीही चालते. मात्र 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांना फक्त जन्माचा दाखलाच लागतो, असा नियम 2025 मध्ये आला आहे. नातवंडांचे दाखले त्या दृष्टीने वेळीच आणि बरोबर स्पेलिंगने काढून ठेवावेत.

स्त्रियांच्या बाबतीत एक गैरसमज दूर केला पाहिजे. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेच पाहिजे असे नाही. 2016 च्या त्याच बदलांनुसार विवाहाच्या दाखल्याचा आग्रह धरला जात नाही, आणि आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव दिले तरी अर्ज चालतो. मुलीची पदवी माहेरच्या नावावर असेल आणि ती नोकरी करणारी असेल, तर तेच नाव ठेवणे आम्हाला जास्त शहाणपणाचे वाटते. सासरच्यांनी यात मानापमान आणू नये.

विद्यार्थ्याने पत्ता कोणता द्यावा

महाविद्यालयाच्या गावात हा प्रश्न रोज निघतो. मुलगा बीडचा, शिकतो कराडला, खोली दर वर्षी बदलतो. नियम असा की विद्यार्थी शिक्षणाच्या ठिकाणाहून अर्ज करू शकतो किंवा कायमच्या घराच्या पत्त्यावरून. शिक्षणाच्या ठिकाणचा पत्ता द्यायचा तर प्राचार्य, संचालक, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांनी संस्थेच्या लेटरहेडवर दिलेले बोनाफाईड प्रमाणपत्र लागते. वर्गशिक्षकाची सही चालत नाही. बोनाफाईडवरचे नावही तेच हवे, हे आता पुन्हा सांगायला नको.

पण चालते म्हणून तेच करावे असे नाही. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर विद्यार्थी भाड्याने राहतात, म्हणून आम्ही हे पाहतो. अर्ज सप्टेंबरात केला, पोलीस पडताळणी दिवाळीच्या सुट्टीत आली, खोलीला कुलूप. पोलिसाने 'दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही' असे लिहिले की अर्ज मागे पडतो. पासपोर्टही स्पीड पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो आणि अर्जदाराच्या हातातच दिला जातो. घर बंद असले की पाकीट पासपोर्ट कार्यालयात परत जाते. शिवाय वर्षाने खोली सुटली की कागदोपत्रीचा तो पत्ता निरुपयोगी.

म्हणून ज्याला आणखी दीड-दोन वर्षे त्याच वसतिगृहात काढायची आहेत त्याने खुशाल येथला पत्ता द्यावा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मात्र घरचा पत्ता द्यावा. 2018 च्या सवलतीमुळे कागद दाखवायला तो कोल्हापूरच्या केंद्रात जाऊ शकतो. पडताळणी मात्र घराच्या पोलीस ठाण्याकडे जाईल. तेव्हा अर्ज परीक्षा संपताना करावा आणि सुट्टीत घरी राहावे. खोलीमालकांनाही आमची विनंती आहे की भाड्याचा करार लेखी करून त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. मुलाच्या पडताळणीला हवालदार आला की 'आम्हाला माहीत नाही' म्हणून दार लावून घेणारे मालक आम्ही पाहिले आहेत. भाडे घेताना माहीत असते.

नूतनीकरण

लोक नूतनीकरण म्हणतात, कार्यालयाच्या भाषेत ते 'पुन्हा देणे' असते. जुन्या पुस्तिकेची मुदत वाढवून मिळत नाही, नवी पुस्तिका नव्या नंबराने येते. म्हणून बँकेत, व्हिशाच्या कागदांत, निर्यातीच्या कागदांत जेथे जेथे जुना नंबर दिला असेल तेथे कळवावे लागते. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांचा. लहान मुलांचा पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षे पुरी होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेवढा.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. तो तेव्हाच करावा. पुष्कळ देश प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, म्हणजे दहा वर्षांच्या पासपोर्टचा खरा उपयोग साडेनऊ वर्षेच समजावा. हजचेही तसेच आहे. हज कमिटी अर्ज मागवते तेव्हा ठरावीक तारखेपर्यंत वैध असलेला पासपोर्ट हातात असावा लागतो, आणि अर्जाची मुदत फार लांब नसते. दर वर्षी त्या दिवसांत वडीलधाऱ्यांना घेऊन धावपळ करणारी मुले आम्ही पाहतो. मनात इरादा असेल तर पासपोर्ट आधीच्या वर्षी काढावा. मुदत संपून तीन वर्षांहून जास्त काळ गेला असेल तर जुना पासपोर्ट फारसा आधार देत नाही, जवळपास नव्यासारखीच तपासणी होते.

जुन्या पुस्तिकेवर चालू व्हिसा असेल तर ती रद्दीत टाकू नये. रद्दचा शिक्का मारून ती परत मिळते, आणि व्हिशाची मुदत असेपर्यंत दोन्ही पुस्तिका बरोबर ठेवून प्रवास करता येतो. 2025 पासून चिप असलेले ई-पासपोर्ट देशभर दिले जाऊ लागले आहेत. मुखपृष्ठावर खाली लहान सोनेरी चिन्ह असते. त्यासाठी साधा पासपोर्ट टाकून धावण्याची गरज नाही. तो मुदतीपर्यंत चालतो.

तत्काळबद्दल एवढेच की जानेवारी 2018 पासून त्याला मोठ्या अधिकाऱ्याचे ओळखीचे प्रमाणपत्र लागत नाही आणि पोलीस पडताळणी साधारणपणे पासपोर्ट दिल्यानंतर होते. पण नाव जुळत नसेल तर तत्काळही अडतो. दोन हजार रुपये घाईचे आहेत, घोळ निस्तरण्याचे नाहीत.

चेक बाऊन्सचा खटला असेल तर

हा भाग खास व्यापाऱ्यांसाठी. आपला धंदा उधारीचा. साठ दिवस, नव्वद दिवस, हातात पुढच्या तारखेचे चेक. कधी समोरच्याचा चेक परत येतो, कधी आपला. कलम 138 खाली तक्रार झाली आणि तारखा पडू लागल्या की आपण तिला पैशाची भानगड समजतो. कायद्याच्या दृष्टीने तो फौजदारी खटला असतो. 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 6 प्रमाणे न्यायालयात फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो.

वाट मात्र बंद नाही. 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या न्यायालयात खटला चालू आहे त्याची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. न्यायालयाने आदेशात जितकी मुदत लिहिली असेल तितक्या मुदतीचा, आणि मुदत लिहिलीच नसेल तर एक वर्षाचा. म्हणून वकिलाला अर्जातच मुदतीचा उल्लेख करायला सांगावे. पुष्कळ वकील नुसती 'हरकत नाही' एवढ्यावर आदेश घेतात आणि पक्षकार वर्षाने पुन्हा त्याच दारात येतो.

138 ची तक्रार थेट न्यायालयात होते, पोलीस ठाण्यात तिची नोंद नसते, तेव्हा फॉर्मवर 'नाही' लिहिले तर कोणाला कळणार, असा सल्ला देणारे शहाणे बाजारात आहेत. हा सल्ला ऐकू नये. माहिती दडवून घेतलेला पासपोर्ट जप्त किंवा रद्द करता येतो आणि माहिती दडवणे हा त्याच कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. दहा-वीस हजारांच्या चेकपायी विमानतळावरून परत यायचे? त्यापेक्षा 138 मध्ये तडजोडीला कायद्याने परवानगी आहे, लोकअदालतीत बसून मिटवावे आणि निकालाची प्रमाणित प्रत फाईलला लावून ठेवावी. आपण कोणावर उधारी वसुलीचा दिवाणी दावा केला असेल, किंवा कोणी आपल्यावर केला असेल, तो फौजदारी खटला नव्हे. त्याची भीती नको.

आखातात कामाला जाणाऱ्यांसाठी

सौदी, अमिराती, कुवेत, कतर, ओमान, बहरीन धरून अठरा देश असे आहेत की तेथे कामाला जाताना ज्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असते त्याला सरकारच्या प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. ही सोय अडाणी मजुराची दलालाकडून फसवणूक होऊ नये म्हणून 1983 च्या कायद्याने केली आहे. दहावी पास, आयकर भरणारे आणि 50 वर्षांवरील माणसे यांतून सुटतात. पण सुटण्यासाठी तसा पुरावा अर्जाबरोबर द्यावा लागतो. दहावी पास असूनही प्रमाणपत्र घरी विसरून केंद्रात गेलेल्या मुलाला उगाच 'ईसीआर' चिकटते. ज्याने आठवी-नववीत शाळा सोडली त्याने 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यावी. पास झाल्यावर नवा अर्ज करून तो शेरा काढून घेता येतो. मागावर किंवा शिलाईच्या मशीनवर बसणाऱ्या आमच्या ओळखीच्या दोघांनी तसे केले आहे. व्यापारासाठी किंवा फिरायला जाणाऱ्याला, पासपोर्टवर 'ईसीआर' असले तरी, ही मंजुरी लागत नाही.

केंद्रातील दिवस आणि पोलीस

ठरलेल्या वेळी मूळ कागद आणि त्यांच्या प्रती घेऊन जावे. प्रतींवर आपलीच सही चालते, नोटरीकडे पैसे घालू नयेत. फोटो आणि बोटांचे ठसे तेथेच घेतात. अगदी लहान मुलांचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो बरोबर न्यावा लागतो. खिडकीवरचा माणूस संगणकावर आपले नाव भरून दाखवतो तेव्हा 'बरोबर आहे, बरोबर आहे' म्हणत मान डोलावू नये. चष्मा लावून वाचावे. आमच्या बरोबरीच्या माणसांना हे विशेष करून सांगावे लागते. इंग्रजी अक्षरे पाहिली की आपण मुलाकडे पाहतो.

पडताळणीसाठी ठाण्यातून निरोप आला की मूळ कागद घेऊन जावे. शेजारच्या दोघांना आधी कल्पना द्यावी. या पडताळणीची वेगळी फी अर्जदाराने द्यायची नसते. कोणी मागितली तर पावती मागावी, म्हणजे पुढचे बोलणे सहसा थांबते. बहुतेक ठिकाणी काम सरळ होते. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकला की फाईल कोठे आहे ते रोज पाहता येते.

पाकीट हातात आले की पोस्टमनसमोर सही करून कपाटात ठेवून देऊ नये. तेथेच उघडून नाव, आडनाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे आणि 'ईसीआर'चा शेरा दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात कार्यालयाला कळवावे. एक झेरॉक्स घरात, एक पेढीच्या फाईलमध्ये ठेवावी आणि मुदत संपण्याची तारीख दुकानाच्या खातेवहीच्या पहिल्या पानावर लिहावी, जेथे आपण विम्याच्या आणि परवान्याच्या तारखा लिहितो.